काबरेटरातला चुना

आमच्या लेकीला, पिंकीला, नागपुरात जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे साल २०२३. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि चातुर्मास चार महिन्यांचा न राहता पाच महिन्यांचा झाला. ही गोष्ट रायपुरातल्या आमच्या साऱ्या ब्राह्मणपाऱ्याला ठाऊक होती. फक्त माझ्या यजमानांना नव्हती, कारण पंचांग बघणं हे त्यांच्या मते बायकांचं काम.

यजमानांचं नाव अनंतराव. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण लिहिताना जागोजागी ‘हे’ ‘हे’ केलं तर वाचणाऱ्याच्या डोक्याला ताप. म्हणून नाव लिहिते. ते रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. लोखंडाबद्दल आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटे, आणि लोखंडाबद्दल कळतं म्हणजे बाकीचंही कळतंच, असंही वाटे.

घरात आम्ही तिघं. अनंतराव, मी आणि माझा धाकटा भाऊ देवीदास. त्यानं लग्न केलं नाही. जन्मभर गोलबाजारात दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडलं, आणि मालकानं दुकान विकलं तेव्हा मी त्याला घरी आणलं. खालच्या बैठकीत त्याची खाट. त्याच बैठकीत खाटेच्या पायथ्याशी अनंतरावांची जुनी स्कूटर. दोघंही रात्री तिथंच झोपत.

स्कूटरवर अनंतरावांचा फार जीव. माझ्या पायाला सूज आली तर म्हणायचे, “उतरेल.” स्कूटरच्या आवाजात थोडी घरघर आली तर त्यांना घास उतरत नसे. मुलगा शिशिर नव्या रायपुरात ऑफिसच्या फ्लॅटमध्ये राहतो. तो किती वेळा म्हणाला, “बाबा, भंगारात द्या, मी नवीन घेऊन देतो.” एकदा तर त्याच्या ताटात दुसरी पोळी वाढू नको असा मला डोळ्यानं इशारा झाला होता.

तर आषाढी एकादशीला देवळात कीर्तन होतं. बुवा नागपूरकडचे, चांगले तोंडाळ. म्हणाले, “चातुर्मासात वांगं सोडता, कांदा सोडता. जे आवडतच नाही ते सोडून देवाले फसवता काय? सोडायचं तर जिवाभावाचं सोडा.”

देवीदास उठला. हात जोडून म्हणाला, “मी तंबाखू सोडली.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भावाला जन्मात कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मला बरं वाटलं. पण माझ्या बाजूला पुरुषांच्या रांगेच्या टोकाला अनंतराव बसले होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. साळ्याला टाळ्या मिळाल्या आणि आपण नुसते बसून राहिलो, हे त्यांना सोसवलं नाही. ते उठले, पंचपात्रीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि मोठ्यानं म्हणाले, “चातुर्मास संपेपर्यंत मी स्कूटरवर बसणार नाही.”

टाळ्या वाजल्या नाहीत. लोकांना कळेना की हा त्याग आहे की गाडी बिघडली आहे.

पाणी ताम्हणात सोडून झालं तेव्हा देवीदास हळूच म्हणाला, “भाऊजी, यंदा पाच महिन्यांचा आहे.”

“काय पाच महिन्यांचा?”

“चातुर्मास.”

अनंतरावांनी ताम्हणात पाहिलं. पण सोडलेलं पाणी उचलता येत नाही.

गाडी इतके दिवस उभी राहणार तर टाकी भरून ठेवली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. “टाकी रिकामी असली की आत हवा, हवेत ओल, ओलीनं गंज. भरलेल्या टाकीले गंज चढत नाही.” आता पेट्रोल भरायचं, पण स्कूटरवर बसायचं नाही. देवीदासला गाडी येत नाही. शेवटी दोघांनी स्कूटर ढकलत पंपावर नेली. एकादशीचा उपास, जूनचा उकाडा, दोघंही साठी ओलांडलेले. मी मागून त्यांच्या चपला सांभाळत. चपला का काढल्या होत्या ते मला अजून कळलेलं नाही.

पंपाच्या मशीनवर कागद चिकटवलेला होता. मी अक्षरं उतारवयात शिकले, त्यामुळे दिसेल ते वाचल्याशिवाय मला राहवत नाही. मी वाचलं, “इथेनॉल मिश्रित पेट्रोल.” विचारलं, “हे इथेनॉल म्हणजे काय हो?”

“उसाच्या मळीचं स्पिरिट. बाजूला हो, नळी लागेल.”

येताना चढावर दोन जण मोटरसायकल थांबवून म्हणाले, “काकाजी, पेट्रोल खतम हो गया क्या?”

अनंतराव धापा टाकत म्हणाले, “नहीं. फुल है.”

ते दोघं खूप लांब जाईपर्यंत मागं वळून बघत होते.

घरी आणून स्कूटर जागेवर लावली. काबरेटर कोरडा पडू नये म्हणून पेट्रोलचा कॉक चालूच ठेवला. व्रतात स्कूटरला हात लावायचा की नाही याबद्दल बुवांनी काही सांगितलं नव्हतं, म्हणून अनंतरावांनी कडक बाजू धरली. रोज कपडा मारायचं काम देवीदासकडं गेलं. अनंतराव खुर्चीवर बसून सांगणार.

“डावीकडं राहिलं.”

“पुसलं ना, भाऊजी.”

“तुझी डावी नाही. गाडीची डावी.”

तो पावसाळा ओला होता. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं, गूळ पाघळला, भिंतींना हात लावला की हात ओला. अनंतराव छत्री घेऊन पायी बाजारात जायचे आणि भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, “गाडी विकली काय?” पहिला महिना ते व्रताची कथा सांगायचे. पुढं पुढं होकारार्थी मान हलवून नुसतं “हव” म्हणून पुढं जायचे.

कार्तिकातली एकादशी आली, इथले लोक जिला जेठौनी म्हणतात. बाजारात ऊस आले, आमच्या दाराशीही पूजेचे दोन उभे राहिले. सकाळी स्कूटरला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. अनंतरावांनी नवा शर्ट घातला होता. माझ्या बहिणीला भेटायला जावं तसे ते स्कूटरजवळ गेले, आणि माझी बहीण दिसायला चांगली आहे.

किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग मारतच राहिले. हार गळून पडला. शेजारचे बघायला आले. शेवटी त्यांच्या धोतराचा सोगा किकमध्ये अडकला तेव्हा मी म्हटलं, “सुशीलला बोलवा.”

सुशील आमच्याच गल्लीच्या तोंडाशी गाड्या दुरुस्त करतो. त्यानं काबरेटर काढला, खालची वाटी उघडली आणि म्हणाला, “अरे बाप रे.”

वाटीत तळाशी पाण्यासारखं काही साचलेलं होतं, आणि सगळ्या बाजूंनी पांढरं पांढरं धरलं होतं. फाटलेल्या दुधासारखं ओलं, कडेला वाळून खपली झालेलं. पेट्रोल जायची बारीक भोकं बुजून गेलेली. सुशीलनं पेचकसानं खरवडलं. त्याखाली धातूला देवीच्या व्रणांसारखे खड्डे.

“काका, ये तो चूना लग रहा है,” सुशील म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, तो दिसलं ते बोलला. मग त्याला बारका पाना हवा झाला. अनंतरावांनी हँडलखालची डिकी उघडून आत हात घातला, आणि पान्याऐवजी हातात आली देवीदासची डबी. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. ताजी.

सगळे देवीदासकडं बघू लागले. देवीदास उसाकडं बघू लागला.

“तू तं सोडली होती,” अनंतराव म्हणाले.

“चार महिन्यांसाठी सोडली होती भाऊजी. अधिक महिना माझ्या हिशेबात नव्हता.”

“आणि डबी माझ्या गाडीत?”

“ताई खाटेखाली झाडते. गाडीले तुम्ही हात लावत नव्हते. घरात तेवढीच सुरक्षित जागा.”

इथवर ठीक होतं. मला तर हसू येत होतं. पण अनंतराव कारखान्यातल्या चौकशीला बसल्यासारखे खुर्चीवर बसले. “ऐक. मी आयुष्य धातूत काढलं. लोखंडाले गंज चढतो, तो लाल असतो. काबरेटर आहे अॅल्युमिनिअमचा. अॅल्युमिनिअमले गंज चढत नाही. म्हणजे हे पांढरं बाहेरून आलं. या घरात पांढरं कोणापाशी असते?”

“पिठाच्या डब्यात असते,” देवीदास म्हणाला.

“थट्टा करू नको. पाच महिने गाडीले हात कोणाचा लागला? तुझा. चुना कोणापाशी? तुझ्यापाशी. रोज पुसायले सांगत होतो, त्याचा राग काढला.”

“राग आला असता तं पुसणं सोडलं असतं. चुना मी खातो. स्कूटरले काहून चारू?”

“मग तूच सांग हे काय आहे!”

“मले काय माहीत? मी कापडवाला!”

सुशीलनं आपली हत्यारं गोळा केली आणि “शाम को आता हूँ” म्हणून निघून गेला. तो आला नाही.

आवाज चढत गेले. अनंतराव बोलायला नको ते बोलले. म्हणाले, “ज्या घरात खातो त्या घरात असा घात.” त्यावर देवीदास उठला. दोन धोतरं, दोन बंड्या, औषधाचा पंप पिशवीत घातला, मला म्हणाला, “ताई, येतो,” आणि गुढियारीला आमच्या चुलत बहिणीकडं, सरिताकडं निघून गेला.

सरिता मायाळू आहे, पण तिच्या नवऱ्याचा मिरचीचा व्यापार. मालधक्क्यावरून पोती उतरतात ती थेट तिच्या घरात. स्वयंपाकघर सोडलं तर सगळीकडं लाल मिरची. आणि देवीदासला दमा. त्या घरात धडधाकट माणूस दारात उभा राहून शिंकतो. माझा भाऊ तिथं पोत्यांना टेकून झोपणार हे मनात आलं की माझ्या हातातलं काम सुटायचं. मी अनंतरावांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “त्यानं कबूल करावं आणि यावं. मी कुठं दार लावलं?”

पण जे केलं नाही ते तो कबूल कसा करणार? आणि खरं लिहायचं तर माझ्याही मनात एक बारीक किडा होता. देवीदास लहानपणी रागावला की बोलत नसे, गुपचूप काहीतरी करून ठेवी. एकदा त्यानं काकांच्या जोड्यात आंबील ओतली होती.

आमच्याकडं तुळशीचं लग्न कार्तिकी पौर्णिमेला लागतं. त्याच्या आदल्या दिवशी शिशिरची मुलगी गंधाली आली. ती इंजिनिअरिंगला धातूंचाच अभ्यास करते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. आल्या आल्या तिनं वाटी उन्हात धरून पाहिली.

“आजोबा, ये चूना नहीं है. ये एल्युमिनियम ही है.”

“अॅल्युमिनिअमले गंज चढत नाही.”

“चढ़ता है. लाल नहीं, सफेद. पेट्रोल में इथेनॉल मिला रहता है ना, वो हवा से पानी खींचता है. पूरी बारिश गाड़ी खड़ी रही, कॉक खुला रहा. पानी और इथेनॉल अलग होकर नीचे कटोरी में बैठ गए, और धीरे धीरे उसको खा गए.”

मला ते लगेच पटलं. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनिअमच्याच, पातेल्यात चिंचेचं सार रात्रभर राहिलं की सकाळी पातेल्याला असेच खड्डे पडतात. पण अनंतराव इतक्यात हलणारे नव्हते.

“टाकी फुल होती,” ते म्हणाले.

“टंकी फुल रखना ठीक था. पाँच महीने खड़ी रखना ठीक नहीं था. हफ्ते में एक बार चला लेते, या पेट्रोल निकाल देते.”

“चालवणार कशी? व्रत होतं.”

“हाँ तो... व्रत की वजह से ही हुआ, आजोबा.”

अनंतरावांनी वाटी तिच्या हातातून काढून घेतली. त्यांच्यापुढं आता दोनच रस्ते होते. दोष एक तर देवाला द्यायचा किंवा साळ्याला. ते धार्मिक माणूस. म्हणाले, “देवासाठी केलेल्या गोष्टीनं नुकसान होत नसते. हा चुनाच आहे.”

मला राग आला. मी म्हटलं, “चुना आहे की नाही हे ओळखायला एवढं भांडण कशाला? हळद लावा. चुना असला तर लाल होईल. नसला तर पिवळी राहील.”

हे ऐकून गंधाली टाळी वाजवून म्हणाली, “आजी, ये तो हम लैब में करते हैं!” मी म्हटलं, “बाई, आम्ही मुरगळलेल्या पायावर करतो.”

मला वाटलं होतं अनंतराव टाळतील. उलट त्यांना हुरूप आला. “बरोबर! आणि इथं नाही. त्याच्यासमोर करायचं. त्याच्या डोळ्यांपुढं लाल झालं पाहिजे.” त्यांनी वाटी कागदात बांधली, पुरावा म्हणून डबी आणि खपली काढायला पेचकस खिशात घातला आणि ई-रिक्षा बोलावली. रस्ताभर ते मांडीवरची वाटी दोन्ही हातांनी धरून बसले होते. मी हळदीची पुडी मुठीत घट्ट धरली होती. तो किडा आता मोठा झाला होता. हा उपाय मीच सुचवला. लाल झालं तर माझा भाऊ माझ्याच हातानं माझ्या घरातून कायमचा जाणार होता.

सरिताच्या दारातच गंधाली शिंकायला लागली. आत देवीदास पोत्यांच्या मधोमध स्टुलावर बसला होता. डोळे लाल, नाकाला रुमाल, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आम्हाला पाहून उठला नाही.

“ताप देऊन राहिले काय अजून?” त्यानं विचारलं.

“निकाल घेऊन आलो,” अनंतराव म्हणाले. “सरिता, ताटली आण.”

सरितानं स्टीलची ताटली आणली. मी दोन जागी चिमूट चिमूट हळद ठेवली, पाण्याचा थेंब टाकला. अनंतरावांनी डबी उघडली आणि पहिल्या हळदीत चुना कालवला. तो तिथल्या तिथं कुंकवासारखा लाल झाला.

“पाहा,” ते म्हणाले. “पाहून घ्या सगळे.”

मग पेचकसानं वाटीतली खपली काढून दुसऱ्या हळदीवर टाकली आणि बोटानं मळली. आम्ही पाचही जण ताटलीवर वाकलो. देवीदाससुद्धा वाकला.

पिवळीच राहिली.

“वेळ लागते,” अनंतराव म्हणाले.

वेळ दिला. सरितानं चहा ठेवला, उकळला, गाळला, आम्ही प्यायलो. पिवळी ती पिवळीच.

“हळद जुनी असेल.”

“त्याच हळदीनं चुना लाल झाला ना, भाऊजी?” सरिता म्हणाली.

“मग पाणी कमी पडलं.” त्यांनी पाणी टाकलं. ती आणखी फिकी पिवळी झाली. त्यांनी ताटली उचलून दारातल्या उजेडात नेली, तिरकी धरली, चष्मा काढून पाहिली, चष्मा घालून पाहिली. पाठमोरे तसेच उभे राहिले. घरात फक्त देवीदासच्या छातीचा आवाज येत होता.

“मग चोर कोण निघाला?” देवीदासनं विचारलं.

अनंतराव म्हणाले, “चातुर्मास.”

गंधालीला हसू आवरेना, आणि हसताना मिरची नाकात गेली म्हणून ती बाहेर पळाली.

अनंतराव आत आले. ताटली ठेवली. इकडंतिकडं पाहून देवीदासची पिशवी उचलली आणि म्हणाले, “उद्या तुळशीचं लग्न आहे. नवरीले मामा लागते.”

“पिशवी खाली ठेवा, भाऊजी. हे तुम्ही मले सांगून राहिले की बोलावून राहिले?”

“चल ना आता.”

“कुठं?”

“घरी.”

“कोणाच्या?”

अनंतरावांना क्षमा मागता येत नाही. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, मी ऐकलेली नाही. ते उभेच राहिले. मिरचीनं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, किंवा मिरचीचं निमित्त झालं असेल. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“तुझ्या,” ते म्हणाले.

देवीदास उठला. येताना ई-रिक्षात तो मधे बसला आणि दोन्ही बाजूंनी आम्ही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर अनंतराव म्हणाले, “आंघोळ करून घे. मिरचीचा वास मारून राहिला.”

“वास तं तुमच्याही शर्टाले येऊन राहिला,” देवीदास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न लागलं. देवीदास नवरीच्या मागं मामा म्हणून उभा राहिला आणि मंगलाष्टकात मधे मधे खोकला. सुशीलनं कुठूनसा दुसरा काबरेटर आणून बसवला. त्यानंतर अनंतराव दर शनिवारी स्कूटर बाहेर काढून तळ्यापर्यंत नेत आणि मागं देवीदासला बसवत. स्कूटर बंद पडू नये म्हणून नेतो असं सांगत. त्या दोघांची रस्त्यात ‘हळू घ्या’ आणि ‘गप बस’ अशी भांडणं चालत, ती लोकांनी मला येऊन सांगितली आहेत. खालच्या बैठकीच्या दारावरची नावाची पाटी अनंतरावांनी स्वतः रंगवून घेतली. तिच्यावर त्यांच्या नावाखाली देवीदासचं नाव आहे. दोन्ही नावांची अक्षरं सारख्याच उंचीची आहेत, मी नीट पाहिलं.

देवीदास दम्यानं वारला. १२ फेब्रुवारी २०२५, माघी पौर्णिमा, दुपारी, बैठकीतल्या त्याच्या खाटेवर. अनंतराव आणि मी जवळ होतो.